मराठी ग्रंथांतील अमेरिकन विद्यापीठ आणि आपला उपेक्षित इतिहास

१

मालवण तालुक्यातील तोंडवली हे प्रस्तुत लेखकाचे गाव. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी आणि मध्ये माडासुरूंची चिंचोळी पट्टी, अशी या किनाऱ्याची ठेवण आहे. मागील सुटीत येथे वास्तव्य असता धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मवृत्त पुन्हा वाचनात होते. शेजारच्या वृद्ध काकींनी ते पुस्तक कोणाचे म्हणून पृच्छा केली. गोव्यातील सांखवाळ गावचा एक मनुष्य घरदार सोडून निघाला, पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश इतका हिंडला आणि अखेर अमेरिकेतील एका मोठ्या विद्यापीठात जाऊन पोचला, एवढी हकीकत त्यांना सांगितली. ती लक्षपूर्वक ऐकून काकी म्हणाल्या, “तो थंय जावन शिकलो तरी काय?”

या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. प्रवास कसा घडला, पैसा कोणी पुरविला, घरच्यांची अवस्था काय झाली, हे सर्व सांगता आले. परंतु विद्यापीठात प्रत्यक्ष कोणते काम झाले आणि त्या कामाचा आपल्याशी संबंध काय, हे सांगावयास शब्द जुळवावे लागले. पुढे विचार करता असे ध्यानात आले की, ही अडचण केवळ प्रस्तुत लेखकाची नाही. अमेरिकन विद्यापीठात गेलेल्या मराठी माणसांविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात जाण्याची कथा सविस्तर आहे, कामाची कथा त्रोटक आहे. आणि ते काम पाहावे तर बहुतेक ठिकाणी ते आपल्याच इतिहासाचे आहे: स्त्रियांच्या स्थितीचे, जातिसंस्थेचे, बौद्ध धर्माचे. जो इतिहास येथे उपेक्षित होता तो तेथे जाऊन लिहिला गेला. आणि तो बहुधा इंग्रजीत लिहिला गेल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने त्याची पुन्हा एकदा उपेक्षा केली. या दुहेरी उपेक्षेचे स्वरूप काही ग्रंथांच्या आधारे पाहावे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

२

आरंभ अर्थातच आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांच्यापासून करावा लागतो. आनंदीबाई १८८३ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या पदवीदान समारंभास रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम येऊन उपस्थित होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे आनंदीबाईंचे निधन झाले. हा वृत्तान्त मराठी वाचकास सुपरिचित आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ सालची कादंबरी, आणि अंजली कीर्तने यांनी साधनांचा कसोशीने शोध घेऊन सिद्ध केलेला १९९७ सालचा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथ, अशी या विषयाची एक सलग परंपराच मराठीत आहे.

तथापि सर्वसामान्य सुशिक्षित वाचकास, किंबहुना आपल्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास, आनंदीबाईंनी पदवीसाठी प्रबंध कशावर लिहिला असे विचारून पाहावे. उत्तर क्वचितच मिळते. तो प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. आयुर्वेदातील आधार आणि अमेरिकेत शिकलेले वैद्यक यांना एकत्र आणण्याचा तो यत्न होता. एकविशीच्या उंबरठ्यावरील एक मराठी स्त्री परदेशी महाविद्यालयात आपल्या देशातील बाळंतपणाचा इतिहास मांडते, ही घटना तिच्या सागरप्रवासाइतकीच धाडसाची आहे. कादंबरीचा भर पतिपत्नीसंबंधावर असावा हे तिच्या नावावरूनच उघड होते, आणि त्याबद्दल कादंबरीकारास दोष देता येणार नाही. परंतु कादंबरीची लोकप्रियता इतकी मोठी ठरली की आनंदीबाई म्हणजे एक करुण दांपत्यकथा, एवढेच समीकरण लोकमनात रूढ झाले. अभ्यासक आनंदीबाई त्या समीकरणात कोठेच बसत नाहीत.

रमाबाईंच्या बाबतीत उपेक्षेचे स्वरूप निराळे आहे. अमेरिकेत त्यांचे वास्तव्य १८८६ ते १८८८ या काळात झाले. या वास्तव्यातून दोन ग्रंथ निर्माण झाले. १८८७ साली फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेला पहिला ग्रंथ इंग्रजीत असून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी आहे. दुसरा १८८९ साली मुंबईत छापलेला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा मराठीत आहे. पहिल्यात अमेरिकन वाचकास हिंदू घराचे अंतरंग दाखविले आहे, तर दुसऱ्यात मराठी वाचकास अमेरिकन समाजाचे. एकाच लेखिकेने तीन वर्षांच्या आत दोन समाजांस परस्परांचे आरसे दाखवावेत, अशी उदाहरणे आपल्या वाङ्मयात दुर्मिळ आहेत. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तरच प्रत्येकाचा पूर्ण अर्थ लागतो. परंतु घडले असे की, पहिला ग्रंथ समाजशास्त्राच्या अभ्यासकांकडे गेला आणि दुसरा मराठी प्रवासवर्णनांच्या यादीत जाऊन बसला.

वस्तुतः या मराठी ग्रंथाचे नावच वर्गीकरणकारास सावध करण्यास पुरेसे होते. रमाबाईंनी ‘लोकस्थिति’ हा शब्द आधी घातला आहे, ‘प्रवासवृत्त’ हा मागून. ग्रंथाची रचनाही त्या क्रमास धरूनच आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्यार्जन, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम, असे विषयवार विवेचन त्यात आहे; प्रवास हे निमित्त आहे. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी लिहिताना त्यांची दृष्टी इमारतींच्या भव्यतेवर खिळून राहत नाही. ती शाळा-महाविद्यालये कोणाच्या उद्योगाने उभी राहिली, त्यांना विरोध कोणी केला आणि तो कसा मोडला, इकडे ती वळते. अमेरिकेची त्या मनापासून प्रशंसा करतात. तरीही त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष त्या झाकून ठेवीत नाहीत. यजमान राष्ट्राने जो इतिहास मागे टाकला होता त्याची आठवण एका पाहुणीने मराठीत नोंदवून ठेवली. त्या काळी अमेरिकेस ‘पाताळ’ म्हणण्याचा प्रघात होता. ज्या देशाचा निर्देश पुराणातील शब्दाने होई, त्याच्याविषयी इतक्या चिकित्सक गद्यात लिहिणे हे भाषेच्या दृष्टीनेही मोठे पाऊल होते.

या ग्रंथाचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद एकाच वर्षी, २००३ साली, अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचा आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथात अमेरिकन अभ्यासकास आपल्या समाजाचे दर्शन घ्यावेसे वाटते, आणि आपण मात्र त्यास प्रवासवर्णनाच्या प्रकरणात दोन परिच्छेद देऊन मोकळे होतो. या विसंगतीचा विचार होणे अगत्याचे आहे.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेस जातिसंस्थेच्या इतिहासाचा विषय येऊन मिळाला. श्रीधर व्यंकटेश केतकर हे १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०९ साली, कॉर्नेलचे जे गाव त्याच इथाका येथे, प्रसिद्ध झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९१३ साली, भीमराव रामजी आंबेडकर हे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी हिंदुस्थानातील जातींची रचना, उत्पत्ती आणि वाढ या विषयावर निबंध वाचला. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापला गेला.

या निबंधातील एक गोष्ट मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जातीच्या पूर्वीच्या व्याख्यांची तपासणी करताना आंबेडकर चार विद्वानांची मते घेतात. सेनार, नेसफील्ड व रिस्ले हे तिघे युरोपीय आहेत. चौथे केतकर आहेत. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती: सभासदत्व जन्मानेच मिळणे आणि जातीबाहेर विवाहास बंदी असणे. आंबेडकर या व्याख्येचे महत्त्व मान्य करतात. केतकर हे स्वतः या समाजातील असल्यामुळे त्यांची दृष्टी अधिक नेमकी आहे, असेही त्यांना वाटते. परंतु ही दोन लक्षणे भिन्न नसून एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, असा त्यांचा आक्षेप आहे. विवाह जातीतच व्हावयाचा म्हटले की सभासदत्व जन्मावर आपोआप येऊन ठेपते. येथून पुढे त्यांचा सिद्धान्त उलगडतो. जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचे सारभूत लक्षण. आणि ते टिकवावयाचे तर विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल ठेवावी लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या समतोलासाठी निर्माण झाल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

न्यूयॉर्क राज्यातील दोन विद्यापीठांत सात वर्षांच्या अंतराने वावरलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांमधला हा वाद आहे. एक ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला, दुसरा महार कुटुंबात जन्मलेला. एकाने जातीची व्याख्या केली, दुसऱ्याने ती तपासून दुरुस्त केली. त्या काळच्या महाराष्ट्रात असा वाद समान भूमिकेवरून होणे किती दुष्कर होते हे सांगावयास नको. तो होण्यासाठी परदेशी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि परकी भाषा ही समान भूमी लागली. निबंध छापला गेला तो मात्र मुंबईत जन्मलेल्या नियतकालिकात. म्हणजे वाद आपल्या घराच्या ओटीपर्यंत येऊन इंग्रजीच्या उंबऱ्याबाहेर थांबला. त्याचे मराठी अनुवाद पुढे झाले. परंतु मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात केतकर आणि आंबेडकर यांची प्रकरणे आजही एकमेकांशी न बोलता उभी असतात.

रमाबाईंचा १८८७ सालचा ग्रंथही येथे आठवावा. बालविवाह आणि वैधव्य हे त्याचे मुख्य विषय. रमाबाईंनी ज्या यातनांचे वर्णन केले त्यांचे कारण आंबेडकरांनी एकोणतीस वर्षांनंतर जातीच्या रचनेत दाखविले. कोणी कोणाचा ग्रंथ वाचला होता हा येथे प्रश्न नाही. विषयाचे सातत्य स्पष्ट आहे. रमाबाई, केतकर, आंबेडकर हा क्रम एका सूत्रात वाचला की हिंदू समाजरचनेच्या चिकित्सेचा एक संपूर्ण अध्याय सिद्ध होतो. या अध्यायाची पृष्ठे मात्र प्रवासवर्णन, ज्ञानकोशाचा इतिहास आणि राजकीय चरित्र अशा तीन निरनिराळ्या कपाटांत विखुरली आहेत.

चरित्रकारांनी आपले काम केलेले नाही असा याचा अर्थ नव्हे. चां. भ. खैरमोडे यांच्या बहुखंडात्मक आंबेडकरचरित्राचा पहिला खंड १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि धनंजय कीर यांचे मराठी चरित्र १९६६ साली. विद्यार्थिदशेची माहिती त्यांतून जिज्ञासूस मिळते. परंतु आपण वाचक त्यातून वेचतो काय? अठरा अठरा तासांचे वाचन, अर्धपोटी राहून केलेली ग्रंथखरेदी. निष्ठेच्या या कथा आदरणीय आहेत. परंतु ते ग्रंथ कशासाठी वाचले जात होते हे न सांगता केवळ तास मोजले, तर अभ्यासाचे रूपांतर तपश्चर्येत होते. आणि तपश्चर्येस आपण नमस्कार करतो, तिच्याशी वाद घालीत नाही. आंबेडकरांनी केतकरांस नमस्कार केला नाही. त्यांनी त्यांचा ग्रंथ वाचला आणि त्यातील उणीव दाखविली. विद्यापीठात शिकण्याजोगी गोष्ट हीच होती.

केतकर परत आल्यावर त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ उभा केला. तेवीस खंडांच्या या ग्रंथाचे पहिले पाच विभाग प्रस्तावनेचे आहेत. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’ ही त्यांची नावे पाहिली तरी जगाच्या इतिहासात आपले स्थान स्वतः ठरविण्याची आकांक्षा दिसते. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली सुरू केले. व्याख्या करणे, पूर्वपक्ष मांडणे, पुराव्याने तो खोडणे, ही रीत त्यांच्या मराठी लेखनात रुळलेली दिसते. तेव्हा विद्यापीठातील काम मराठीत आलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते आले, परंतु नाव बदलून आले, आणि आपण त्याची ओळख ठेवली नाही.

४

कोसंबींचे उदाहरण या सर्वांहून वेगळे आहे, आणि प्रस्तुत विषयात ते सर्वांत उद्बोधकही आहे. मालवण हे १८३७ साली जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे जन्मगाव. तेथून दक्षिणेकडे गोव्यातील सांखवाळ हे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींचे. घर सोडून पुण्यास आलेल्या कोसंबींस भांडारकरांचा आश्रय मिळाला होता. एकाच किनाऱ्यावरील या दोघांनी देशाच्या विस्मृत इतिहासासाठी आयुष्य वेचले. भांडारकरांनी प्रामुख्याने इंग्रजीतून, कोसंबींनी प्रामुख्याने मराठीतून.

१९१० साली कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात गेले ते पदवीसाठी नव्हे. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती. १८९९ साली वॉरन निवर्तले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी हार्वर्डचे अध्यापक लॅनमन यांना पालीच्या जाणकाराची आवश्यकता होती. शालेय इंग्रजी शिक्षण ज्यास लाभले नव्हते असा गोव्यातील एक मनुष्य अमेरिकेतील अग्रगण्य विद्यापीठात संपादक म्हणून गेला. संपादनाच्या श्रेयावरून लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली कोसंबी परतले. पुढे ते पुन्हा हार्वर्डला गेले. काम पुरे झाले. तरी ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५० साली, म्हणजे कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून कोसंबींचे नाव आहे. मधल्या काळात, १९४० साली, कोसंबींनी स्वतः सिद्ध केलेली नागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली होती. दोन लिप्यांतील या दोन आवृत्त्या, हीच त्या श्रेयाच्या वादाची खरी कैफियत होय.

१९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’मध्ये ही सर्व कैफियत विस्ताराने येणे शक्यच नव्हते. परंतु जे आले आहे तेही फार संयमाने आले आहे. आत्मचरित्र, आत्मवृत्त, स्मृतिचित्रे असे शब्द उपलब्ध असता कोसंबींनी ‘निवेदन’ हा शब्द पसंत केला. निवेदन हे कोणापुढे तरी करावयाचे असते. त्यात स्वतःचे कौतुक करण्यास जागा नसते. या वृत्तीमुळे ग्रंथास विलक्षण प्रामाणिकपणा लाभला आहे. पण तिच्यामुळेच एक उणीवही राहिली आहे. थंडी, वाटखर्च, माणसांचे स्वभाव यांविषयी कोसंबी मोकळेपणाने बोलतात. पाठभेद कसे तपासले, एका वाचनापेक्षा दुसरे का स्वीकारले, यांविषयी ते बोलत नाहीत. चिकित्सक संपादन म्हणजे काय हे मराठी वाचकास प्रथमच सांगण्याची संधी त्यांच्यापाशी होती. ती त्यांनी विनयापोटी घेतली नाही. काकींच्या प्रश्नास ‘निवेदना’तून उत्तर मिळत नाही ते यामुळे.

उत्तर मिळते ते त्यांच्या इतर मराठी ग्रंथांतून. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे बडोद्याच्या व्याख्यानांचे पुस्तक १९१० साली निघाले. ‘भगवान बुद्ध’ १९४० च्या सुमारास. या दुसऱ्या ग्रंथात वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने गौतमास वैराग्य आले ही प्रसिद्ध कथा कोसंबी तपासतात. पाली वाङ्मयातील प्राचीन व उत्तरकालीन स्तर वेगळे करून ती कथा मागाहूनची आहे असे ते दाखवितात, आणि गृहत्यागाचा संबंध शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडतात. पोथ्या ताडून पाहणारी जी दृष्टी हार्वर्डमध्ये वापरात होती तीच येथे मराठीत, साध्या गद्यात, सामान्य वाचकापुढे काम करते. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा येतो. १९१६ सालचा वाद इंग्रजीत राहिला. हा सिद्धान्त मात्र मराठीत जन्मला आणि मराठीतून इतरत्र गेला.

कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. त्यांच्या प्रेरणेने पालीकडे वळलेल्यांपैकी पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विशुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. परदेशातील विद्यापीठात केलेले काम परत येऊन वर्गात, ग्रंथात आणि शिष्यांत रुजविणे, हा आदर्श कोसंबींनी घालून दिला. त्याचे मूल्यमापन ‘निवेदन’ एकटे वाचून होणार नाही.

५

येथवर मराठी माणसांनी अमेरिकेत जाऊन आपला इतिहास कसा लिहिला हे पाहिले. अमेरिकेचा उपेक्षित इतिहास मराठीने कसा वाचला, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. रमाबाईंच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांस तो अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्या उदाहरणापासून धडा घेऊन शूद्रांस दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाली आहे. दुसऱ्याचा इतिहास वाचावयाचा तो आपल्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी यावी म्हणून, ही वाचनाची रीत फुल्यांनी घालून दिली.

शंभराहून अधिक वर्षांनी, १९८१ साली, वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ प्रसिद्ध झाले. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवाच्या कृषी महाविद्यालयात शिकून १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतो आणि त्याच वर्षी टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या संस्थेत दाखल होतो. हा वृत्तान्त मराठीत अनेक आवृत्त्यांतून घरोघरी पोचला. अमेरिकन विद्यापीठजीवनाविषयी मराठीत सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक कोणते असे विचारल्यास बहुधा याचेच नाव घ्यावे लागेल. लेखिकेची भाषा प्रवाही आहे, शेतीविज्ञानाचे तपशील ती सुगम करून सांगते. कार्व्हर काय शिकला आणि काय शिकविले हे या पुस्तकातून निश्चित कळते. म्हणजे काकींच्या प्रश्नास हे पुस्तक उत्तर देते, हे नमूद केले पाहिजे.

उणीव आहे ती आपल्या वाचनात. शाळाशाळांतून हे पुस्तक जिद्दीची गोष्ट म्हणून वाचले जाते. ज्या समाजाने कार्व्हरला वर्णावरून महाविद्यालयाच्या दारातून परत पाठविले त्या समाजाच्या रचनेचा प्रश्न, आणि तसाच प्रश्न आपल्या गावात आहे काय ही शंका, त्या वाचनात क्वचितच उठते. याच लेखिकेने पांडुरंग खानखोजे यांचेही चरित्र लिहिले आहे. वर्ध्यास जन्मलेले, अमेरिकेत ऑरेगन येथे शेतीशास्त्र शिकलेले, गदर चळवळीत सामील झालेले आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले हे गृहस्थ १९६७ साली नागपुरात निवर्तले. कार्व्हर ज्यांस पाठ आहे अशा विद्यार्थ्यांपैकी खानखोजे किती जणांस ठाऊक आहेत, याची परीक्षा प्रत्येक अध्यापकाने आपल्या वर्गात घेऊन पाहावी.

६

या सर्व विवेचनावर एक आक्षेप संभवतो. आत्मवृत्ताने वा प्रवासवर्णनाने विद्वत्तेचा भार का वाहावा? वाचकास माणूस हवा असतो, टीपा नव्हेत. आक्षेप रास्त आहे, आणि लेखकांकडून काही मागावे असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. कोसंबींनी, रमाबाईंनी आपले काम केले आहे. मागणी समीक्षकांकडे आणि अध्यापकांकडे आहे. आपण ग्रंथांचे वर्ग पाडतो ते सोयीसाठी. परंतु ज्या ग्रंथसमूहाचा प्राण एक आहे तो चार वर्गांत तोडला गेला की सोय ही अडचण होते. अमेरिकन विद्यापीठात मराठी विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रबंध, भाषा इंग्रजी असली तरी, मराठी वैचारिक वाङ्मयाच्या इतिहासात परिशिष्टापुरते तरी घेतले पाहिजेत. आणि त्या विद्यार्थ्यांची मराठी आत्मकथने व चरित्रे त्या प्रबंधांसह वाचली पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यास या दिशेने करण्याजोगे काम पुष्कळ आहे.

भाषेचा अभ्यासक म्हणून आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. आंबेडकरांच्या १९१६ च्या निबंधातील मध्यवर्ती संज्ञेसाठी आपण ‘अंतर्विवाह’ हा संस्कृतोद्भव शब्द वापरतो. तो अचूक आहे. परंतु मराठीत ‘रोटीबेटी व्यवहार’ हा शब्द पूर्वापार आहे, आणि त्यातील ‘बेटीव्यवहार’ हे पद त्या संज्ञेच्या अगदी निकट आहे. अन्नाची बंदी व विवाहाची बंदी यांची जोडी लोकभाषेने आधीच लावून ठेवली होती. विवाहाची बंदी हीच मूळ, हे दाखविण्याचे काम निबंधाने केले. शास्त्रीय निबंध आणि लोकव्यवहारातील शब्द यांची अशी गाठ घातली की परदेशी विद्यापीठात झालेले चिंतन आपल्या भाषेत परके राहत नाही.

याचा पडताळा तोंडवलीतच आला. सुटी संपण्यापूर्वी काकींस आंबेडकरांच्या निबंधाचा सारांश याच शब्दाच्या आधारे सांगितला: बेटीव्यवहार जातीबाहेर जाऊ नये म्हणून विधवांस कोंडले आणि मुलींची लग्ने लहानपणी लावली, असे हा मनुष्य तेथे जाऊन सांगून आला. काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्या आमका म्हायत होता. पण कशाक, ता कोणी सांगूक नाय.”

प्रमाण मराठीच्या कानास त्यांच्या पहिल्या प्रश्नातील ‘शिकलो’ हे रूप प्रथमपुरुषी वाटते. मालवणीत ते तृतीयपुरुषी आहे. ‘तो शिकलो’ म्हणजे ‘तो शिकला’. व्याकरणदृष्ट्या दोन्ही रूपे निराळी आहेत आणि ती निराळीच ठेवली पाहिजेत. तरी हे टिपण लिहिताना तो प्रश्न वारंवार प्रथमपुरुषात ऐकू येत राहिला, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.